बॉनेटखालची भाऊबंदकी

माझ्याकडे गाडी नाही. कन्नमवार नगरात एवढ्या एका पात्रतेवर माणूस पंच होतो. रविवारी सकाळी बादल्या, फडकी आणि फाटक्या बनियनचे बोळे घेऊन मंडळी खाली उतरतात. अर्ध्या तासात कुणीतरी बॉनेट उघडतं आणि बॉनेटबरोबर वादही उघडतो. विषय ठरलेला: छोट्या डिझेल गाड्यांत इंजिन कुणाचं भारी? टिकाऊ कुठलं, पळणारं कुठलं, घाटात दम कुणाचा जातो आणि ‘नटबोल्टाला हात न लावता’ तीन लाख किलोमीटर कुठलं गेलं? ज्याच्याकडे गाडी आहे त्याचं मत पक्षपाती, हे सगळ्यांना मान्य आहे. मग गाडी नसलेला आणि चष्मा असलेला माणूस शोधतात. तो मी. हातात कटिंग देतात आणि म्हणतात, “आता तुम्ही सांगा.”

मी चहा संपेपर्यंत ऐकतो आणि संपला की “दोघांचंही बरोबर आहे” म्हणून वर जातो. पंचाचं काम याहून अवघड आहे असं मला कधी वाटलं नाही.

आमच्या आवारात माणसं नावानं ओळखली जात नाहीत. स्विफ्टवाले आहेत, व्हिस्टावाला आहे, लिनियावाले काका आहेत, डस्टरवाला दादा आहे, बीटवाल्या वहिनी आहेत. गाडी विकली तरी नाव सुटत नाही. एका गृहस्थांनी इंडिका विकून जमाना लोटला, आता ते लोकलनंच जातात. पण परवा एका लग्नाच्या आमंत्रणाच्या यादीत त्यांची नोंद ‘इंडिकावाले, सहकुटुंब’ अशीच होती. तेही मनातून खूश असावेत. इंडिका आली १९९८ च्या डिसेंबरात, १४०५ सीसीचं डिझेल इंजिन घेऊन, आणि त्या पहिल्या इंजिनाला टर्बो नव्हता. म्हणून चर्चेत त्यांना मत नसतं, फक्त मान असतो.

आता एकाच आवारात इतकी डिझेल कुठून जमली? त्याचं उत्तर इंजिनात नाही, पेट्रोल पंपावर आहे. २०१० च्या जूनमध्ये सरकारनं पेट्रोलच्या दरावरचं नियंत्रण काढलं, डिझेलच्या दरावरचं मात्र ठेवलं. २०१२ च्या मध्याला मुंबईत दोघांच्या दरात लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास फरक होता. डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा लाखभरानं महाग पडायची, पण मराठी मध्यमवर्गीयाला बचतीसाठी जादा पैसे खर्च करायला सांगितलं की तो आनंदानं करतो. प्रत्येकानं कॅल्क्युलेटर घेऊन हिशेब केला. हिशेबात एकच अडचण होती, ती म्हणजे गाडी चालवावी लागणार होती. विक्रोळीहून ऑफिसला लोकलनं जाणाऱ्या माणसाचे लाखभर रुपये वसूल व्हायचे कसे? मग माणसं गरज नसताना महाबळेश्वरला जाऊन आली. वर्षभर ज्यांचं तोंड पाहिलं नाही अशा नातेवाइकांच्या बारशाला कोल्हापूरला गेली. डिझेलच्या स्वस्ताईनं त्या चार वर्षांत जेवढी नाती जुळली तेवढी कुठल्या सणानं जुळली नसतील. २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलही नियंत्रणमुक्त झालं आणि कोल्हापूरचे नातेवाईक पुन्हा कोल्हापूरलाच राहिले.

ते जाऊ दे. आपण बॉनेटखाली वाकू.

स्विफ्टवाले साहेब बँकेत आहेत आणि बँकेतल्या माणसाच्या ठामपणानं सांगतात, “जपानी इंजिन आहे. डीडीआयएस. डोळे झाकून घ्यावं.” त्यावर व्हिस्टावाला उसळतो, “आमचं क्वाड्राजेट आहे. टाटाचं. लोखंड आहे लोखंड!” शेवरोले सेलवाला एक मुलगा कोपऱ्यातून हळूच म्हणतो, “आमच्यावर स्मार्टेक लिहिलंय.” आणि लिनियावाले काका काहीच बोलत नाहीत. गोदरेजच्या मशीन शॉपमधून निवृत्त झालेले काका फडकं पिळतात, नीट घडी घालतात आणि मग बोलतात. “मल्टिजेट,” ते म्हणतात. “सगळ्यांचं तेच आहे. बाराशे अठ्ठेचाळीस सीसी. फियाटचं.”

आणि काकांचं खरं आहे. २००३ साली इटलीच्या फियाटनं जनरल मोटर्सच्या भागीदारीत हे इंजिन आणलं. चार सिलिंडर, १२४८ सीसी, कॉमन रेल. एकाच फेऱ्यात डिझेलचा एकच मोठा फवारा मारायचा सोडून तेच डिझेल चार-पाच छोट्या फवाऱ्यांत विभागायचं, म्हणजे स्फोटाचा दणका कमी, आवाज कमी आणि धूर कमी. २००५ मध्ये त्याला त्याच्या वर्गातला ‘इंजिन ऑफ द इयर’ पुरस्कार मिळाला. कॉमन रेलचं मूळ संशोधनही बरंचसं फियाटच्याच घरातलं. पुढे ते जर्मनीच्या बॉशला विकलं आणि बॉशनं जगाला विकलं. घरची विद्या शेजाऱ्याला विकून पुन्हा शेजाऱ्याकडूनच सुटे भाग घ्यायचे, हा व्यवहार इटालियन असला तरी काकांना तो फार जवळचा वाटतो.

मारुतीनं २००७ च्या जानेवारीत हेच इंजिन परवान्यावर स्विफ्टमध्ये घातलं. मग डिझायर, रिट्झ, एसएक्स४, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा. टाटांनी व्हिस्टा, मांझा, झेस्ट, बोल्टमध्ये घातलं. शेवरोलेनं सेल आणि एन्जॉयमध्ये घातलं, आणि एक सिलिंडर कमी करून ९३६ सीसीचं बीटमध्ये घातलं. म्हणजे आमच्या बीटवाल्या वहिनी या घराण्याच्या तीन-चतुर्थांश वारस. वाहनांवर लिहिणारे पत्रकार त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. एका आजोबांची जमीन, सात-बाऱ्यावर वेगवेगळी नावं आणि बांधावरून हाणामारी, अशी ही स्थिती आहे. आमच्या आवारात दर रविवारी जी चालते ती यांत्रिक चर्चा नाहीच, शुद्ध भाऊबंदकी आहे.

स्विफ्टवाल्यांना हे पटवणं मात्र सोपं नाही. “काका, डिझाइन असेल फियाटचं. बनवलं मारुतीनं, मानेसरला.” हेही खरं. पण काकांच्या खिशात हुकमाचा एक्का असतो आणि तो ते दर वेळी नव्यानं टाकतात. मागणी इतकी वाढली, की मानेसरचा कारखाना पुरा पडेना. म्हणून २०१२ च्या जानेवारीत मारुतीनं फियाट इंडियाशी करार केला: वर्षाला एक लाखापर्यंत डिझेल इंजिनं फियाटकडून घ्यायची. आणि फियाटचा कारखाना कुठे? पुण्याहून नगरला जाताना, रांजणगावच्या एमआयडीसीत. अष्टविनायकातल्या महागणपतीच्या गावात. “तुमची स्विफ्ट कुठल्या सालची?” काका विचारतात. “बाराची,” स्विफ्टवाले पुटपुटतात. “मग,” काका म्हणतात, “जपानी आहे की रांजणगावची, ते महागणपतीलाच ठाऊक.” एवढं बोलून ते पुन्हा फडकं पिळायला लागतात. हा क्षण मी अनेकदा पाहिला आहे आणि चहा दर वेळी गोड लागला आहे.

काकांच्या या विजयात एक दुःखही आहे, आणि ते दुःख कुर्ल्याइतकं जवळचं आहे. मुंबईकराला फियाट म्हणजे परदेशी वाटलीच नाही कधी. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात अकराशे बनली, पद्मिनी बनली. अर्ध्या विक्रोळीचं लग्नानंतरचं पहिलं सिद्धिविनायक दर्शन काळ्या-पिवळ्या पद्मिनीतून झालं. पद्मिनीचीही ‘१३७ डी’ नावाची डिझेल आवृत्ती निघाली होती. तिच्याबद्दल लोक आजही आदरानं बोलतात, पण गाडी चालू असताना तिच्यात बसून बोलणं ऐकू येत असे असं कुणी म्हणत नाही. नंतर पद्मिनी बंद झाली, फियाट रांजणगावला गेली, २००७ मध्ये टाटांशी भागीदारी झाली, लिनिया आणि पुंटो आल्या. गाड्या दणकट, दार लावलं की बँकेच्या तिजोरीचा आवाज. आणि विक्री? विक्री तशीच तिजोरीत बंद. ज्या इंजिनाच्या जिवावर मारुतीनं लाखांनी गाड्या खपवल्या, त्याच इंजिनासह फियाटला स्वतःची गाडी खपवता आली नाही. २०१९ च्या सुमारास फियाटच्या गाड्या शोरूममधून दिसेनाशा झाल्या. जगात कल्पना विकत घेणाऱ्याचं भलं होतं आणि कल्पना सुचणाऱ्याचं कौतुक होतं, असं काका एकदा म्हणाले. मग लाजून म्हणाले, “हे डिझेलच्या बाबतीत बोलतोय.”

आता पळण्याचा मुद्दा. स्विफ्टमधलं मल्टिजेट ७५ हॉर्सपॉवर आणि १९० न्यूटन मीटर टॉर्कचं. लिनियात त्याच इंजिनाला बदलत्या पात्यांचा टर्बो लावून ते नव्वदीच्या पार नेलं होतं. या पंधरा-वीस घोड्यांवरून आवारात जेवढे शब्द खर्ची पडले तेवढ्यात प्रबंध झाला असता. छोट्या डिझेलची एक खोड सगळ्यांना ठाऊक आहे: दोन हजार आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, गाडी विचार करते. आणखी दाबता, ती आणखी विचार करते. आणि मग एकाएकी ठरवते की जायचं, तेव्हा पुढची रिक्षा दोन फुटांवर असते. ‘पिकअप’ या शब्दाचा खरा अर्थ ज्यांना कळायचा त्यांना तो याच दोन फुटांत कळतो. लिनियाच्या टर्बोची पाती बदलती असली तरी ती गाडी स्विफ्टपेक्षा शंभर-दीडशे किलोनं जड, म्हणून तिलाही उठायला वेळ लागतो. घोडे वाढले, ओझंही वाढलं. हिशेब जिथल्या तिथे.

पण हे सगळं पाहायचं कुठे? विक्रोळीत गाडीची कामगिरी जोखायला जागाच नाही. आवारातून बाहेर पडून पूर्व द्रुतगती मार्गाला लागावं, तर घाटकोपरपर्यंत दुसरा गिअर. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला वळावं, तर पवईपर्यंत पहिला. तिथे नव्वद घोडे असोत की पंचाहत्तर, सगळे एकाच रांगेत उभे राहतात आणि पुढच्या बेस्टच्या मागच्या जाहिराती वाचतात. लिंक रोडवर इंजिनाची नाही, डाव्या गुडघ्याची परीक्षा असते. डिझेलचा क्लच जड, त्यामुळे आमच्याकडे डिझेलवाल्यांचे डावे गुडघे आधी जातात आणि क्लचप्लेट नंतर. पार्कसाइटच्या बाजूनं वर चढणारे रस्ते आहेत, तिथे हाफ क्लचवर गाडी धरताना जो वास येतो त्याला मालक ‘नवीन आहे ना, पेंटचा वास’ म्हणतात. गाडी दहा वर्षांची असते.

पूर्व-पश्चिम जाण्याची तर वेगळीच कथा. फाटकाच्या जागी पूल होणार, होणार म्हणून एका पिढीनं ऐकलं आणि तोवर लाल बहादूर शास्त्री मार्गाला जायचं तर लिंक रोडचा नाही तर घाटकोपरचा वळसा घातला. शेवटी १४ जून २०२५ ला पूल सुरू झाला. आमच्या मंडळींना वाटलं, आता मोकळी चढण मिळाली, दूध का दूध आणि डिझेल का डिझेल करू. स्विफ्टवाले, व्हिस्टावाला आणि डस्टरवाला दादा भल्या पहाटे निघाले. पूल आहे साधारण सहाशे मीटरचा. टर्बो जागा होतो न होतो तोच उतार लागला आणि उतारापाठोपाठ सिग्नल. निकाल: अनिर्णित. पुलाचं मात्र तिघांनी तोंड भरून कौतुक केलं.

खरी परीक्षा गणपतीत व्हायची, कशेडीत. पाच माणसं, दोन मखरं, तांदळाचं पोतं, टपावर सायकल आणि एसी चालू. त्या अवस्थेत पोलादपूर सोडून घाट चढायला लागलं, की कुठलं इंजिन श्वास घेतंय आणि कुठलं देवाला हाक मारतंय ते कळायचं. साताऱ्याकडच्यांची परीक्षा खंबाटकीत. पण कशेडीला आता बोगदा झाला, गाड्या सपाट निघून जातात आणि वर्षानुवर्षं जपलेला पुरावाच रस्त्यानं गिळला. “कशेडीत तुझी गाडी मागे टाकली होती” हे वाक्य आता ज्याला सिद्धही करता येत नाही आणि खोडताही येत नाही अशा इतिहासात जमा झालं आहे.

डस्टरवाला दादा या भाऊबंदकीत नसतो. त्याचं इंजिन रेनोचं, १४६१ सीसीचं. तेच इंजिन नाशिकला बनणाऱ्या लोगानमध्येही होतं. त्यामुळे तो जरा वरून बोलतो. त्याचं ११० घोड्यांचं, टॉर्क अडीचशेच्या जवळ. पण त्याच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आणि मल्टिजेटमध्ये चेन, आणि या एका फरकावर आवारात दोन पंथ झाले आहेत. बेल्ट ठरल्या वेळी बदलावाच लागतो. कंटाळा केला आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनाचं वरचं दालन उघडावं लागतं. चेन बदलायची नसते असं सगळे चेनवाले सांगतात. खोटं नाही, अपुरं आहे. चेन ताणून धरणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल जुनं, काळं, कमी झालं की टेन्शनर ढिला पडतो आणि सकाळी थंड गाडी सुरू करताना खळखळ ऐकू येते. चेनवाले त्या आवाजाला ‘डिझेल आहे, एवढा आवाज येणारच’ म्हणतात. बेल्टवाला खर्च करतो आणि शांत झोपतो, चेनवाला खर्च करत नाही आणि शांत झोपतो. फरक सकाळी कळतो.

पोलोवाला एक होता. तीन सिलिंडरचं १.२ टीडीआय, ७५ घोडे. गाडी उभी असताना सीटवरून जी थरथर जाणवायची तिला तो ‘जर्मन फील’ म्हणायचा. २०१५ मध्ये फोक्सवॅगनची धुराच्या चाचण्यांमधली लबाडी जगभर उघडकीला आली आणि भारतातही सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या गेल्या, तेव्हा लोकांनी त्याला रविवारी गाठून विचारलं. तो शांतपणे म्हणाला, “सॉफ्टवेअर खोटं बोललं, इंजिन नाही.” एवढं उत्तम वाक्य मी वकिलांकडूनही ऐकलेलं नाही. आणि सेलेरिओ? मारुतीनं २०१५ मध्ये ७९३ सीसीचं दोन सिलिंडरचं स्वतःचं डिझेल आणलं, लिटरला २७.६२ किलोमीटर असा आकडा जाहीर केला, आणि दोनेक वर्षांत कारमधून ते गुपचूप काढून घेतलं. आमच्या आवारात एकानं घेतली होती. तो सुरू करून गेला की तिसऱ्या मजल्यावरच्या आजी विचारायच्या, “चक्की चालू झाली का रे?”

आता टिकाऊपणाचा निकाल. इथे पंच म्हणून माझी जागा आमच्या मिस्त्रींना द्यायला हवी. ते मूळचे कुडाळचे, गॅरेज हायवेच्या कडेला, आणि राष्ट्रीय इंजिनाच्या सगळ्या शाखा त्यांच्याच हाताखालून जातात. त्यांचं म्हणणं, आडनावावरून इंजिन ओळखता येत नाही, मालकावरून येतं. स्विफ्टचं सर्व्हिस पुस्तक दहा हजार किलोमीटरला ऑइल बदला म्हणतं, लिनियाचं पुस्तक पंधरा हजाराला. इंजिन तेच! कंपनीनं पंधरा लिहिलं की मालक वीस करतो, कारण कंपनी ‘सेफ साइड’ धरत असणार असं त्याचं गणित असतं. मग टर्बो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो कशावर टेकलेला असतो, तर तेलाच्या पातळ थरावर. एक्स्प्रेस-वेवरून शंभर-सव्वाशेनं येऊन फूड मॉलला थाडकन चावी फिरवली, की तेलाचा पुरवठा थांबतो, दांडा तापलेला राहतो आणि थर जळून काळा होतो. अर्धा मिनिट इंजिन चालू ठेवा, एवढंच सांगणं. पण फूड मॉलला पोचलेल्या मराठी माणसाला वडापाव आणि अर्धा मिनिट यात निवड करायला सांगणं हा अन्याय आहे. असे जळालेले टर्बो मिस्त्री एका फळीवर मांडून ठेवतात. मी विचारलं, यात मारुतीचे किती आणि टाटाचे किती? ते म्हणाले, “सगळी इंजिनां बरी आसत. मालक बरो व्हयो.”

लिनियावाले काका अर्थात दहा हजाराला ऑइल बदलतात, पुस्तक काही म्हणो. त्यांची गाडी पंधरा वर्षांची झाली. नोंदणीची मुदत संपली तेव्हा आरटीओत तपासणी झाली, पर्यावरण कर भरला आणि पाच वर्षांची मुदत वाढवून मिळाली. त्या दिवशी काकांनी आवारात पेढे वाटले. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित न्यायाधिकरणानं २०१५ मध्येच बंदीचा बडगा उगारला. “दिल्लीला असतो तर गाडीचं तेरावं घालून मोकळा झालो असतो,” काका म्हणाले आणि पेढ्याचा कागद घडी करून खिशात ठेवला.

राष्ट्रीय इंजिनाचं राज्य संपलं ते कागदावर. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झालं. छोट्या डिझेलच्या मागे धूर गाळणारी महागडी यंत्रणा लावायची, तर गाडीची किंमत कुठल्या कुठे जाणार. मारुतीनं वर्षभर आधीच सांगून टाकलं की डिझेल बंद. टाटांनी छोटं डिझेल सोडलं, रेनोनं सोडलं, फोक्सवॅगननं सोडलं. आज हॅचबॅकमध्ये नवी डिझेल शोधायला गेलात तर अल्ट्रोझखेरीज फारसं काही सापडत नाही. आणि ज्यांनी नव्या काळातली मोठी डिझेल घेतली त्यांना नवाच व्याप लागला. एक्झॉस्टमधली काजळी धरून ठेवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला गाडी सलग काही वेळ वेगात चालावी लागते. लिंक रोडवर हा योग पत्रिकेतही नसतो. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि नवरा जेवून उठतो, म्हणतो, “जरा गाडी जाळून येतो,” आणि रात्री अकराला ठाण्यापर्यंत नुसती चक्कर मारून येतो. शेजाऱ्यांना वेगळा संशय येतो.

वाद मात्र थांबलेला नाही. पुनर्विकासात नव्या इमारती उभ्या राहिल्या, पोडियमवर पार्किंग आलं, आणि तिथे आता पुढची पिढी बॉनेट उघडते. हॅरियरवाला म्हणतो क्रायोटेक. हेक्टरवाल्याला ते मान्य नाही. कंपासवाला दोघांकडे कीव आल्यासारखा पाहतो. काका एक दिवस लिफ्टनं पोडियमवर गेले, फडकं घरीच विसरले होते म्हणून रुमाल काढला आणि विचारलं, “दोन लिटर ना? एकोणीसशे छप्पन्न सीसी?” तिघांनी माना डोलावल्या. “फियाटचं,” काका म्हणाले. “मल्टिजेट. रांजणगाव.”

पंच म्हणून मला आजवर कुणी लेखी निकाल मागितला नाही, पण वाचकांसाठी देतो. जुनं छोटं डिझेल घेणार असाल तर १२४८ सीसीचं घ्या, बॉनेटवर कुणाचंही आडनाव असो. स्पेअर पार्ट घेताना मात्र मारुतीच्या घरात जन्मलेलं बरं, कारण शेवरोलेनं २०१७ च्या अखेरीस इथली विक्री थांबवली आणि फियाट दिसेनाशी झाली. अंगणात उभी गरम गाडी पाहू नका. सकाळी लवकर जा, बॉनेटवर हात ठेवून गाडी थंड आहे ना बघा, आणि पहिल्या स्टार्टला खळखळ ऐका. ऑइलची बिलं मागा. बिलं नसतील तर मालक काहीही सांगो, उठून या. आणि बिलं दर दहा हजार किलोमीटरची असतील तर घासाघीस न करता घेऊन टाका, कारण तो मालक बहुधा एखादे लिनियावाले काका असतील आणि त्यांनी दर मनात ठरवूनच ठेवलेला असेल.